भावनेची साक्ष

‘भावनेच्या आहारी जाऊ नका, शास्त्रीय भाषेत बोला’ हे वाक्य महाराष्ट्रात गेल्या काही दशकांत इतक्या व्यासपीठांवरून उच्चारले गेले आहे की, त्यात नेमके काय म्हटले आहे हे तपासून पाहण्याची गरज आता कुणाला वाटत नाही. धरणग्रस्तांची सभा असो, वीजप्रकल्पाची जनसुनावणी असो वा वर्तमानपत्रातील वाचकांच्या पत्रांचे सदर असो, वाक्य तेच. त्यात दोन गोष्टी न बोलता गृहीत धरलेल्या असतात. पहिली अशी की, भावना आणि ज्ञान ही परस्परविरोधी टोके आहेत. दुसरी अशी की, भावना गावकऱ्याकडे असते आणि ज्ञान तज्ज्ञाकडे. साहित्याच्या अभ्यासकाला हे वाक्य खटकायला हवे. भावनेलाही काही कळते, या विश्वासावाचून साहित्यविचाराचा एक परिच्छेदही लिहिता येणार नाही. तरीही या वाक्याचा प्रतिवाद करायला आपल्यापैकी फारसे कुणी पुढे आल्याचे आम्हांस आठवत नाही.

हा प्रश्न आज नव्याने उपस्थित करण्याचे कारण हवामानबदल हे आहे. हवामानबदल हे वास्तव आहे आणि कोळसा व खनिज तेल जाळणे थांबवल्यावाचून गत्यंतर नाही, याविषयी आमच्या मनात शंका नाही. पवनचक्क्या, सौर प्रकल्प, जलविद्युत ही तंत्रे आवश्यक आहेत हेही आम्ही मान्य करतो. परंतु या तंत्रज्ञानाबरोबर एक नवे नैतिक तेज आले आहे. पूर्वीचा कारखाना ‘विकासासाठी’ येत असे. आताची यंत्रे ‘पृथ्वी वाचवण्यासाठी’ येतात. त्यामुळे त्यांच्याविषयी भय, चीड किंवा दुःख व्यक्त करणारा माणूस दुहेरी आरोपी ठरतो. तो अडाणी तर असतोच, शिवाय पृथ्वीचा शत्रूही ठरतो. अशा वेळी भावनेची साक्ष नोंदवून घ्यायची की नाही, आणि घ्यायची तर ती पारखायची कशी, हा नीतिशास्त्राचा प्रश्न आहे. कलेचा या पारखण्याशी जवळचा संबंध आहे असे आम्हांस वाटते, आणि तेच येथे मांडायचे आहे.

भावनेची बाजू घेणाऱ्यांना अडचणीचे वाटेल असेच उदाहरण आम्ही प्रथम घेतो. सातारा जिल्ह्यात चाळकेवाडी, ठोसेघर, वनकुसवडे या पठारांवर १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पवनचक्क्या उभ्या राहू लागल्या. पुढे लागोपाठ अवर्षणाची वर्षे आली. सातारा, सांगली, धुळे या भागांतील अनेक शेतकरी त्या काळात म्हणू लागले की, पवनचक्क्यांची पाती ढग पळवून लावतात, म्हणून पाऊस पडत नाही. शहरात या म्हणण्याचे हसे झाले. विज्ञानाच्या दृष्टीने ते चूकच होते. मोसमी पावसाचे ढग व त्यांना पोसणारे बाष्पाचे प्रवाह हा शेकडो किलोमीटर पसरलेला आणि कित्येक किलोमीटर उंचीपर्यंतचा व्यवहार असतो. जमिनीपासून काही दशक मीटरवर फिरणाऱ्या पात्यांनी तो अडत नाही. माण-खटावचा भाग पर्जन्यछायेत आहे तो सह्याद्रीमुळे, आणि तो पवनचक्क्या येण्यापूर्वीही तसाच होता.

येथे थांबले तर ‘भावनेच्या आहारी जाऊ नका’ म्हणणाऱ्यांचा विजय झाला असे होईल. पण थोडे पुढे जाऊन पाहावे. त्याच अवर्षणाच्या काळात, २००३ साली, राज्य शासनाने विमानांतून ढगांवर क्षारांची फवारणी करून कृत्रिम पाऊस पाडण्याचा प्रयोग हाती घेतला होता. यंत्राने पाऊस पाडता येतो असे खुद्द शासन सांगत असताना, यंत्राने पाऊस हटवताही येत असेल असे एखाद्या शेतकऱ्याने मानले, तर त्या अनुमानाला अंधश्रद्धा म्हणून झटकता येणार नाही. तथ्य चुकले होते. विचार करण्याची रीत सर्वस्वी वेडगळ नव्हती. आणि त्या रागात तथ्याखेरीज आणखीही काही होते. गुरे चारायचे पठार दुसऱ्याच्या नावावर कसे झाले? आपल्या डोक्यावरून वाहणारा वारा कुणीतरी विकतो, त्याची वीज दूरच्या शहरात जाते, आणि आपल्या वस्तीतला दिवा मात्र भारनियमनात विझलेला असतो, हे कसे? हे प्रश्न हवामानशास्त्राचे नव्हते, न्यायाचे होते. ते विचारायला जागा नव्हती. २००६च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेच्या यादीत पवनऊर्जा प्रकल्पांचा समावेशच नाही. म्हणजे तिच्या अन्वये होणारी जनसुनावणीही त्यांना लागू नाही. ज्याला बोलायला सभाच मिळत नाही, तो ढगांच्या भाषेत बोलतो.

यावरून एक भेद हाती लागतो. नैतिक स्वरूपाच्या भावनेत दोन घटक मिसळलेले असतात. एक वस्तुस्थितीविषयीचा समज, आणि दुसरा मूल्याची जाणीव. पहिला घटक चुकीचा ठरला म्हणून दुसरा आपोआप खोटा ठरत नाही. हा भेद आम्ही शोधून काढलेला नाही. नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथील तत्त्वज्ञ साबिने रोझर यांनी तंत्रज्ञानातील धोके आणि नैतिक भावना यांविषयी दीर्घकाळ लेखन केले असून, २०१८ साली त्यांचा या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. धोक्याचा विचार करताना भावना हा अडथळा नसून न्याय, स्वायत्तता, संमती अशा मूल्यांचे भान देणारे साधन आहे, असा त्यांचा पक्ष आहे. संभाव्यता आणि हानी यांचा गुणाकार म्हणजे धोका, ही अभियंत्यांची व्याख्या घेतली, तर धोका कुणी लादला, कुणी स्वीकारला आणि लाभ कुणाला झाला हे प्रश्न त्या गुणाकारात येतच नाहीत. चीड मात्र नेमकी त्याच प्रश्नांपाशी उठते. न्यायालयातील साक्षीदाराप्रमाणे भावनेचीही उलटतपासणी झालीच पाहिजे. तिचा एखादा तपशील चुकला म्हणून तिला न्यायालयाबाहेर काढणे हा न्याय नव्हे.

आणखी एक गोष्ट या वादात सहसा नजरेआड होते. भावना केवळ विरोधकांकडे असते असे नाही. मावळत्या सूर्याच्या पार्श्वभूमीवर संथपणे फिरणारी शुभ्र पाती, निळ्याशार सौरपट्ट्यांसमोर हसणारे शाळकरी मूल, ही छायाचित्रे आपण सर्वांनी पाहिली आहेत. त्यांत आशा आहे, अभिमान आहे, भव्यतेपुढे नतमस्तक होणे आहे. या भावना खोट्या आहेत असे आम्ही म्हणत नाही. त्यांनाही काही कळलेले असते. पण त्या ‘भावना’ म्हणून ओळखल्या जात नाहीत, त्या ‘दूरदृष्टी’ या नावाने वावरतात. सत्तेजवळची भावना तर्काचा पोशाख घालून सभेत बसते आणि सत्तेपासून दूरची भावना दाराशीच अडवली जाते. तेव्हा प्रश्न ‘भावना की तर्क’ असा राहत नाही. कुणाच्या भावनेला तर्काचा मान मिळतो, असा तो होतो.

वनकुसवड्याच्या पठारावरून खाली पाहिले की कोयनेचा शिवसागर दिसतो. एकाच तालुक्यात वर वाऱ्याची वीज आणि खाली पाण्याची. कोयनेच्या पाण्याखाली गेलेल्या गावांच्या पुनर्वसनाचे प्रश्न पुढे कित्येक दशके रेंगाळत राहिले हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्याही आधी, १९२१ साली, मुळशी पेट्यात मावळ्यांनी जलविद्युत धरणाविरुद्ध सत्याग्रह केला आणि सेनापती बापटांनी त्याचे नेतृत्व केले. तेथली वीज मुंबईसाठी होती. त्या वेळीही सुशिक्षितांतील अनेकांना हा जमिनीचा लळा, म्हणजे निव्वळ भावनिकता वाटली होती. नुकसानभरपाईच्या प्रश्नावर सावकार आणि प्रत्यक्ष कसणारे मावळे यांचे हितही एक नव्हते. आज कार्बनचा हिशेब मांडणारा एखादा अभ्यासक म्हणेल की, मुळशीच्या धरणाने शंभर वर्षांत केवढा तरी कोळसा जळण्यापासून वाचवला. हे खरेच आहे. पण त्यामुळे १९२१ सालच्या मावळ्यांचे दुःख चुकीचे ठरते काय? आजच्या हिशेबाने धरणाची एक नवी जमेची बाजू दाखवली, एवढेच. ज्यांच्या खात्यावर खर्च पडला त्यांचे खाते त्याने मिटत नाही.

हे खाते कोण सांभाळते? शासनाच्या दप्तरात बाधितांची यादी असते, जमिनीचे क्षेत्र असते, मोबदल्याची रक्कम असते. हे सारे आवश्यक आहे आणि ते अचूक असावे यासाठीही लढावे लागते. परंतु गाव उठते तेव्हा या यादीत न मावणारे पुष्कळ काही उठते. विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ ही धरणग्रस्तांवरील कादंबरी १९९१ साली आली आणि पुढच्याच वर्षी तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तिचे श्रेय केवळ ‘प्रश्न मांडला’ असे सांगून संपत नाही. विस्थापन ही एका दिवसाची घटना नसून वर्षानुवर्षे चालणारी झीज आहे, ती माणसाच्या भाषेत, नात्यांत आणि स्वतःविषयीच्या आदरात उतरते, हे ती कादंबरी वाचकाला कालाच्या विस्तारातून अनुभवायला लावते. अहवाल एका दिवसाचे चित्र देतो; कादंबरी वाचकाला त्या कालावधीत वास्तव्य करायला लावते. आणि ज्या हानीचे स्वरूपच कालावधीशी बांधलेले आहे, ती हानी जाणण्याचे साधनही तसेच असावे लागते.

येथे आपल्या परंपरेतील एका जुन्या विचाराकडे वळणे उपयुक्त ठरेल. भावना जशीच्या तशी नैतिक निर्णयाला पुरत नाही, कारण ती बहुधा माझी असते. माझी जमीन, माझे भय, माझा राग. पवनचक्कीच्या मालकाचा उत्साहही त्याचाच असतो. भरताच्या रससूत्राचा अर्थ लावताना भट्टनायकाने साधारणीकरणाची कल्पना मांडली आणि अभिनवगुप्ताने ती आपल्या परीने स्वीकारली. काव्यातील शोक हा ना नटाचा असतो, ना प्रेक्षकाचा, ना केवळ त्या पात्राचा. ‘माझे’ आणि ‘परक्याचे’ ही बंधने गळून पडलेली असतात, आणि म्हणूनच त्या शोकाकडे पाहता येते. अभिनवगुप्ताने रसास्वादातील जी सात विघ्ने सांगितली, त्यांत ‘निजसुखादिविवशीभाव’ हे एक आहे. स्वतःच्या सुखदुःखाने विवश झालेल्या माणसाला रस लाभत नाही. दुसरे एक विघ्न आहे, भावाला ठरावीक माणसाशी, ठरावीक देशकालाशी जखडून टाकण्याचे.

नाट्यगृहासाठी सांगितलेली ही विघ्ने धोरणाच्या सभेतही जशीच्या तशी हजर असतात असे आम्हांस वाटते. हवामानाच्या तंत्रज्ञानाचा नैतिक विचार अवघड होतो तो नेमका यांच्यामुळे. एकतर आपण स्वतःच्या लाभहानीने विवश असतो, नाहीतर दुसऱ्याचे दुःख ‘त्यांचे, तिकडचे’ म्हणून नोंदवून मोकळे होतो. कला या दोन्ही गाठी सोडवू शकते. ती भावना नष्ट करत नाही, तिची मालकी सैल करते. क्रौंचवधाच्या कथेत शोक ज्याला होतो त्या ऋषीचे काहीही गेलेले नसते. पक्षी त्याचा नव्हता. तरीही त्या शोकातून काव्य जन्मते, आणि त्याच क्षणी निषादाच्या कृतीविषयीचा नैतिक निवाडाही. आपल्या परंपरेने आदिकाव्याच्या जन्मकथेतच भावना, कला आणि नीती एकत्र बांधून ठेवल्या आहेत. ती गाठ आपण केवळ परीक्षेच्या उत्तरापुरती वापरतो.

यावर एक आक्षेप येईल आणि तो गंभीर आहे. रस अलौकिक असतो, त्याला लौकिक कामाला जुंपणे म्हणजे कलेचा अपमान करणे नव्हे काय? मराठीत हा वाद फडके-खांडेकरांच्या काळापासून चालत आला आहे. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त अलौकिकतावादी आणि लौकिकतावादी अशा दोन भूमिकांची सविस्तर छाननी करून त्याला तात्त्विक शिस्त दिली. आमचे म्हणणे एवढेच की, साधारणीकरण ही कल्पना या दोन भूमिकांच्या मधल्या उंबरठ्यावर उभी आहे. रसिक नाट्यगृहातून बाहेर पडतो तेव्हा त्याने काय करावे हे नाटक सांगत नाही. पण परक्याचा शोक परका न मानता पाहण्याची जी सवय त्याला तेथे लागली, ती दाराशी पादत्राणांसारखी ठेवून येता येत नाही. कलेचे नैतिक कार्य तिच्या संदेशात नसते; ते या सवयीत असते.

म्हणूनच ‘जनजागृती’साठी कला, या हल्लीच्या मागणीविषयी आम्ही साशंक आहोत. तंत्रज्ञान तयार आहे, लोकांचे मन तयार नाही, तेव्हा कलावंतांनी ते तयार करावे, असा या मागणीचा आशय असतो. यात निर्णय आधीच झालेला असतो. कलेकडे वंगणाचे काम उरते. कॉलिंगवुडने १९३८ साली ‘प्रिन्सिपल्स ऑफ आर्ट’मध्ये भावना उद्दीपित करणे आणि भावना अभिव्यक्त करणे यांत जो फरक केला, तो येथे ध्यानात घ्यावा. उद्दीपित करणाऱ्याला कोणती भावना उत्पन्न करायची हे आधीच ठाऊक असते. अभिव्यक्त करणारा आपल्याला नेमके काय वाटते आहे याचा शोध घेत असतो. विरोधाच्या बाजूची कलाही या दोषापासून मुक्त नसते. पवनचक्कीला राक्षस ठरवणारे पथनाट्य आणि तिला देवदूत ठरवणारी जाहिरात, दोन्हीकडे शोध थांबलेला असतो.

याउलट एक उदाहरण पाहू. २०१५च्या डिसेंबरात पॅरिसमध्ये हवामान परिषद भरली असताना, ओलाफुर एलियासन या कलावंताने भूवैज्ञानिक मिनिक रोसिंग यांच्यासह ग्रीनलंडच्या समुद्रातून आणलेले बर्फाचे बारा प्रचंड खंड पँथिऑनच्या चौकात घड्याळाच्या तबकडीसारखे मांडले. लोक येत, बर्फाला हात लावत, कान लावून आत अडकलेल्या प्राचीन हवेचे बुडबुडे फुटताना ऐकत. काय करावे याची सूचना नव्हती. हा बर्फ वाहून आणण्यातही कार्बन खर्च झालाच, अशी टीका तेव्हा झाली. ती टीका आम्हांस रास्त वाटते, आणि ती त्या कलाकृतीचाच एक भाग बनली असेही वाटते. कारण प्रत्येक साधनाची काही किंमत असते आणि ती कुणीतरी मोजायची असते, हे भान त्या वितळत्या चौकात टाळता येण्यासारखे नव्हते.

आता सर्वांत मोठ्या उदाहरणाकडे येऊ, ज्याच्यापुढे पवनचक्की आणि धरण लहान वाटतील. १९९१ साली फिलिपाईन्समधील पिनाटुबो ज्वालामुखीने सुमारे दीड ते दोन कोटी टन गंधकाचा डायऑक्साइड वातावरणाच्या वरच्या थरात फेकला आणि पुढच्या वर्षभरात पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरले. हेच काम माणसाने विमानांतून मुद्दाम करावे काय? २००६ साली नोबेलविजेते रसायनशास्त्रज्ञ पॉल क्रुट्झन यांनी या पर्यायाच्या संशोधनाची बाजू मांडणारा निबंध लिहिला आणि तोवर दबक्या आवाजात चाललेली चर्चा उघड झाली. खर्चाच्या हिशेबात हा उपाय स्वस्त दिसतो. पण त्याने मोसमी पावसाची घडी बिघडू शकते असे काही संगणकीय प्रारूपांनी दाखवले आहे. शिवाय एकदा सुरू केल्यावर तो अचानक थांबवला, तर दडलेली उष्णता थोड्या वर्षांत उसळून वर येईल. आणि आणखी एक परिणाम आहे, जो धोक्यांच्या यादीत बहुधा तळाशी असतो: आकाशाचा निळा रंग फिकट, दुधाळ होईल.

वातावरणाच्या वरच्या थरातील अशा कणांनी आकाशाचे रूप पालटते याची नोंद चित्रकारांनी पूर्वीच करून ठेवली आहे. १८८३ साली क्राकाटाऊचा उद्रेक झाल्यानंतर लंडनमध्ये विल्यम ॲस्क्रॉफ्ट या चित्रकाराने टेम्सच्या काठी बसून संध्याकाळच्या आकाशाची शेकडो रंगचित्रे काढली, आणि रॉयल सोसायटीच्या १८८८च्या अहवालात त्यांतील काहींना स्थान मिळाले. कलावंताची नजर त्या वेळी शास्त्राला पुरावा म्हणून चालली. मग निळे आकाश जाण्याचे दुःख आज पुरावा म्हणून का चालू नये? ‘सौंदर्यविषयक परिणाम’ या तीन-चार ओळींच्या नोंदीत ते मावते काय? ज्या भाषेत आषाढाचे पहिले ढग ही काळ मोजण्याची, विरहाची आणि पेरणीची एकाच वेळी खूण आहे, त्या भाषेच्या माणसाला विचारल्यावाचून त्याच्या आकाशाचा रंग आणि त्याच्या पावसाची वेळ ठरवावी काय?

गुंटर आंडर्स या जर्मन तत्त्ववेत्त्याने १९५६ साली म्हटले होते की, आधुनिक माणसाची निर्माण करण्याची शक्ती आणि त्या निर्मितीच्या परिणामांची कल्पना करण्याची, त्याविषयी काही वाटण्याची शक्ती यांत दरी पडली आहे. आपण जे करू शकतो ते आपल्या भावनेच्या आवाक्यात राहिलेले नाही. त्याच्यासमोर अणुबाँब होता. आपल्यासमोर आकाश आहे. हान्स योनास याने १९७९ साली भयालाही मार्गदर्शकाचे स्थान दिले ते याच कारणाने: काय गमावू शकतो याचे भय वाटल्यावाचून काय जपायचे आहे हेच कळत नाही. आम्हांस यात एक दुरुस्ती सुचवावीशी वाटते. भय एकटे असले तर ते माणसाला कोणत्याही झटपट उपायाच्या हाती सोपवते. आकाशावर फवारणी करण्याची कल्पनाही भयातूनच जन्मली आहे. भयाला ममतेची, लाजेची आणि शोकाची सोबत लागते. भावनांचे हे परस्परांना सावरणारे मिश्रण, स्थायी आणि संचारी भावांचे हे नाते, कलाकृतीइतके अन्यत्र क्वचितच अभ्यासता येते.

ही चर्चा हवेतली नाही, हे अलीकडच्या एका घटनेने दाखवून दिले. हार्वर्ड विद्यापीठाच्या एका प्रकल्पाने २०२१ साली स्वीडनच्या उत्तरेकडील किरुना येथून एक फुगा सोडण्याचे ठरवले होते. त्या उड्डाणात कोणतेही कण फवारले जाणार नव्हते, केवळ उपकरणांची चाचणी होती. सामी या तेथील आदिवासी समाजाच्या परिषदेने हरकत घेतली. हार्वर्डच्या तज्ज्ञांच्या दृष्टीने धोका जवळजवळ शून्य होता, आणि तथ्याच्या पातळीवर ते बरोबर असावेत. हरकत मात्र वेगळ्या पातळीवरची होती: ज्यांच्या भूमीवर हे होणार त्यांना विचारलेले नाही, आणि या वाटेवरचे पहिले पाऊलच चुकीच्या दिशेने जाते. ते उड्डाण स्थगित झाले आणि २०२४ साली प्रकल्प बंद करण्यात आला. साताऱ्याच्या शेतकऱ्याचे तथ्य चुकले होते, म्हणून त्याच्या रागातील न्यायाचा प्रश्न कुणी ऐकला नाही. सामींच्या हरकतीत तथ्य आणि मूल्य वेगळे करून मांडता आले, आणि त्यामागे मांडायला एक व्यासपीठ होते. फरक भावनेच्या तीव्रतेत नव्हता. तिला शब्द आणि सभा मिळाली, यात होता.

मग आपण, साहित्याचे विद्यार्थी आणि शिक्षक, काय करू शकतो? पर्यावरणावरील कवितांचे आणखी एक संकलन काढणे हे काही वाईट काम नव्हे, पण आमच्या मनात वेगळे काम आहे. आपल्याला भाषा वाचता येते. तेव्हा प्रकल्पांच्या अहवालांतील भाषा वाचावी. एकच शब्द घेऊ: ‘पडीक’. सौर प्रकल्पांसाठी जमीन शोधताना ‘पडीक जमीन’ हा शब्द सतत येतो. देशाच्या पडीक जमिनींचे नकाशासंग्रह शासन प्रसिद्ध करते आणि त्यांत झुडपी व गवताळ जमिनींचाही समावेश होतो. मराठीत त्याच जमिनीला माळ, माळरान, गायरान, कुरण असे कितीतरी शब्द आहेत. धनगराच्या लेखी ती पडीक नसते. नान्नजच्या अभयारण्यासाठी ज्याचे नाव आपल्याला ठाऊक झाले तो माळढोक तर नावातच माळ घेऊन फिरतो. या पक्ष्याला वीजवाहिन्यांची धडक बसू नये म्हणून त्या राजस्थान आणि गुजरातेत भूमिगत कराव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली दिला आणि २०२४ साली, हवामानबदलाशी लढण्याची गरज लक्षात घेऊन, तो सौम्य केला. दोन्ही बाजूंना मूल्य असलेला हा खराखुरा नैतिक पेच आहे. पण ‘पडीक’ हा शब्द एकदा स्वीकारला की पेच दिसतच नाही; कारण जेथे काही नाही तेथे काय गमावणार?

शब्दातून भावना काढून टाकल्याने तो वस्तुनिष्ठ होतो, हा समज आपल्या शास्त्राला कधीच मान्य नव्हता. ‘पडीक’ या शब्दातही एक भावना आहे, उपेक्षेची. ती ओळखून दाखवणे, तिची ‘माळरान’ या शब्दातील भावनेशी तुलना करणे आणि दोहोंपैकी कोणत्या शब्दाला त्या जमिनीवरील जीवनाचे अधिक कळले आहे हे ठरवणे, ही समीक्षाच आहे. मर्ढेकरांनी काव्यातील भावनानिष्ठ समतानतेची जी मीमांसा केली ती शिकवताना, एक तास एखाद्या प्रकल्प-अहवालाच्या सारांशाचे वाचन करावे अशी आमची सूचना आहे. विद्यार्थ्यांना कंटाळा येणार नाही, याची आम्हांस खात्री आहे. त्यांतले बरेचजण अशाच माळांवरून शिकायला आलेले असतात.

त्यातून पवनचक्क्या थांबणार नाहीत, आणि त्या थांबाव्यात अशी आमची इच्छाही नाही. त्या उभारताना खाली कोण राहते हे विचारले जावे, ढग पळाले म्हणणाऱ्याला ढगांचे शास्त्र समजावून सांगितले जावे, आणि मग त्याला थांबवून विचारावे: ‘ते झाले, आता सांगा, तुम्हांला राग कशाचा आला होता?’ हा दुसरा प्रश्न विचारण्याचे धैर्य आणि त्याचे उत्तर ऐकून घेण्याचा कान, या दोन गोष्टी साहित्याच्या वर्गात मिळाल्या नाहीत, तर त्या आणखी कोठे मिळतील हे आम्हांस ठाऊक नाही.